‘देवी आल्या’ आणि ‘देवी झाल्या’

मानववंशशास्त्राच्या एम.ए.ला असताना माझं पहिलं क्षेत्रकार्य हडपसरच्या पुढच्या एका वस्तीत झालं. ऐंशी ओलांडलेल्या एका आजींना प्रश्नावलीतला प्रश्न विचारला, "लहानपणी कोणते आजार झाले?" त्या म्हणाल्या, "देवी आल्या होत्या." मी लिहिलं, ‘देवी रोग झाला.’ आमच्या प्राध्यापक बाईंनी वही पाहिली आणि विचारलं, "हा ‘झाला’ कुठून आणलास?"

मी परत गेले. देवी घरात असेपर्यंत फोडणी नव्हती, उशाशी कडुनिंबाचा पाला होता, आई रात्रंदिवस जवळ बसून होती. पुढे आपल्या मुलांना मात्र आजींनी स्वतः नेऊन देवी काढून आणल्या. रोगाचं नाव देवी, लशीचंही देवी! १९८० साली जग या रोगातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं, पण शब्द अजून आहे. माझ्या प्रश्नावलीत मात्र श्रद्धा आणि उपचार असे दोन वेगळे रकाने होते.

या विषयात नव्याने येणाऱ्यांनो, मराठी येतं म्हणून गाफील राहू नका. बाधा, उष्णता, नजर हे शब्द आपल्याला ठाऊक असतात, म्हणून आपण मान डोलावून पुढे जातो. थांबा आणि विचारा, "म्हणजे नेमकं काय होतं?"

आणि प्लेगच्या साथीतलं १८९७चं पुणं वाचाच. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच सापडला होता, पण त्याच्या प्रसारातली पिसवांची भूमिका फ्रेंच डॉक्टर सिमों यांनी १८९८ मध्ये दाखवली. म्हणजे गोरे सोल्जर घराघरांत घुसून माणसं शोधत होते तेव्हा पिसवांकडे कुणाचं लक्षच नव्हतं. साहेबाच्या वैद्यकालाही स्वतःच्या समजुती होत्या. लोक रोगी लपवू लागले. जूनमध्ये प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले मुंढव्याहून एका आजारी मुलाला उचलून आपल्या मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात घेऊन आल्या आणि १० मार्चला प्लेगनेच गेल्या. सरकारी अहवालाशेजारी त्या वर्षाचे ‘केसरी’चे अंक ठेवून वाचा.

शेवटच्या भेटीत आजी कोरोनाबद्दल बोलताना ‘झाला’ म्हणाल्या. मी विचारलं, "आला का नाही म्हणत?"

"गाडीत घालून नेलं माणसाला. उशाशी बसू दिलं का कुणाला?"