शिफ्टिंगमध्ये फिश टँक फुटला तर
सिडकोतून गंगापूर रोडला सामान हलवताना मूव्हर्सवाल्यांनी टँक ठोकला तर टेम्पो उभा असतानाच फोटो-व्हिडिओ काढा आणि डिलिव्हरीच्या कागदावर सही करायच्या आधी त्यावरच ‘काचेला तडा’ असं पेनाने लिहा, पोरं घाई करतातच, करू द्या. मासे जुन्याच पाण्यात बादलीत, एअर पंप चालू, फिल्टरचा स्पंजही त्यातच, नळाखाली धुवायचा नाही. काचेलाच तडा असेल तर सिलिकॉन फासून भागत नाही, काच बदला. नुसता जोड सुटला असेल तर जुनं सिलिकॉन ब्लेडने खरवडून बुरशीरोधक नसलेलं नवीन लावा, दोन दिवस वाळवून पार्किंगमध्ये भरून बघा, हॉलमध्ये नको. भरपाईला टाळाटाळ केली तर आधी लेखी तक्रार, मग ग्राहक हेल्पलाइन १९१५.