हार्टची डिसॅबिलिटी पेन्शन: टक्के नंतर बघा, आधी कारण वाचा

अपशिंग्यापासून खटाव-माणपर्यंत आपल्या साताऱ्यात फौजींची कमी नाही, आणि पेन्शनचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "मेडिकल बोर्डाने डिसॅबिलिटी किती टक्के दिली?" हार्टच्या केसमध्ये खरं घोडं अडतं ते कारणाच्या रकान्यात.

(हे सगळं 21 सप्टेंबर 2023 च्या आधी सर्व्हिसमधून सुटलेल्यांसाठी, नंतरच्यांना नवे नियम लागतात.)

रिलीज मेडिकल बोर्डाचा, म्हणजे सर्व्हिस सोडताना झालेल्या तपासणीचा, एएफएमएसएफ-16 फॉर्म काढा, नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला अर्ज टाका. टक्के किमान 20 पाहिजेत, आणि आजार सर्व्हिसमुळे झाला किंवा सर्व्हिसमुळे वाढला यातल्या एकाला तरी 'होय' पाहिजे. दोन्हीला 'नाही' असेल, म्हणजे एनएएनए, तर टक्के 30 असोत नाहीतर 50, हातात काही पडत नाही.

ब्लॉकेज, अटॅक असेल तर बोर्ड त्याआधीच्या 14 दिवसांची ड्युटी बघतं, त्या ड्युटीचा तक्ता, म्हणजे चार्टर, युनिटकडून येतो, त्यात नाईट गार्ड, पेट्रोलिंग, एक्सरसाइज जे होतं ते आलंच पाहिजे, कारण "पीस स्टेशनला (शांत भागातल्या पोस्टिंगला) झालं" एवढ्या एका ओळीवर केस उडवतात आणि गडी त्याआधी सियाचीनला होता हे कोण बघतच नाही. म्हणून फील्ड आणि हाय अल्टिट्यूड पोस्टिंगच्या तारखा, ॲडमिट झाल्याचे कागद, मेडिकल कॅटेगरी डाऊन झाल्याचे कागद सगळं एकत्र लावा.

आता पैसे. 100 टक्के डिसॅबिलिटीला शेवटच्या पगाराचे 30 टक्के. पगार 40,000 आणि डिसॅबिलिटी 30 टक्के धरली तर 3,600 होतात. राउंडिंग ऑफमध्ये 50 च्या खालचं 50 धरतात, मग तेच 6,000. नॉर्मल रिटायर झालेल्यांनाही हे लागू, सुप्रीम कोर्टाची 2014 ची राम अवतार केस बघा. बीपी आणि हार्ट दोन्ही असेल तर 30 आणि 30 चे 60 होत नाहीत हां, बोर्ड कंपोझिट, म्हणजे दोन्ही मिळून एकच टक्का, काढतं.

रिजेक्ट झालं तर 6 महिन्यांच्या आत पहिलं अपील, मग दुसरं, मग एएफटी, म्हणजे फौजींचं न्यायाधिकरण, आपल्याला मुंबईचं. अपिलात 2013 ची धरमवीर सिंग केस टाकाच: भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर तो सर्व्हिसमुळेच झाला असं धरायचं, तसं नाही म्हणायचं असेल तर कारण बोर्डाने लिहून द्यायचं. नुसतं 'नाही' चालत नाही.

वडिलांची जुनी केस असली तरी लढता येते, पण थकबाकी साधारण अर्जाच्या आधीच्या 3 वर्षांचीच मिळते, तेव्हा ट्रंकेतले कागद लवकर काढा.