लांबच्या प्रवासाचा सरळ मार्ग शोधताय? या चुका टाळा

दूरच्या दोन ठिकाणांमधला जवळचा मार्ग शोधताना पहिली चूक होते ती सपाट नकाशावर पट्टी ठेवून. न्यूयॉर्क आणि टोकियो घ्या. युरोप मध्यभागी असलेल्या नकाशावर ही शहरं दोन टोकांना दिसतात, म्हणून अटलांटिक ओलांडून पूर्वेकडे जावंसं वाटतं. पॅसिफिक मध्यभागी असलेला नकाशा घेतला तर रेघ थेट समुद्रावरून जाते. खरा जवळचा मार्ग मात्र कॅनडा आणि अलास्कावरून जातो आणि सुमारे १०,८५० किलोमीटरचा आहे. पॅसिफिकवरची ती सरळ दिसणारी रेघ त्याहून जवळजवळ २,००० किलोमीटर लांब पडते.

कारण जुनं आहे. नकाशाकार मर्केटरने १५६९ साली केलेला नकाशा खलाशांसाठी होता. होकायंत्राची एकच दिशा धरून चालत राहिलं की त्यावर सरळ रेघ उमटते, हा त्याचा मोठा उपयोग. पण त्यासाठी ध्रुवांकडचा भाग ताणावा लागतो. ६० अक्षांशावर अंतरं दुप्पट दिसतात. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं भासतं, प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे चौदा पट मोठी आहे. म्हणून पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. तो जिथून जाईल तो सर्वात जवळचा मार्ग, म्हणजेच बृहद्‌वृत्त. गोल नसेल तर ऑनलाइन अंतर मोजण्याची सोय वापरा.

तिथेही उत्तर विचित्र आलं तर आधी आकडे तपासा. पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश ऋण चिन्हाने लिहितात. ते चिन्ह राहून गेलं की अमेरिकेतलं शहर आशियात जाऊन बसतं. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल हीदेखील नेहमीची चूक. नावांचीही खात्री करा, कारण सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तसंच कॅनडातही आहे.

दोरा जातो तिथून माणूस जाऊ शकेलच असं नाही, आणि मला वाटतं सर्वात जास्त लोक इथेच अडकतात. उत्तर आणि दक्षिण अमेरिका जमिनीने जोडलेल्या आहेत, तरी पनामा आणि कोलंबियाच्या सीमेवर डॅरियनच्या जंगलात सुमारे १०० किलोमीटर रस्ताच नाही. ॲपने 'मार्ग सापडला नाही' असं सांगितलं तर ॲप बिघडलं असं लगेच समजू नका. वाटेत रस्ता असा कुठे तुटलाय ते शोधा. आकाशातही हेच. २०२२ मध्ये रशियाचं हवाई क्षेत्र अनेक देशांच्या विमानांना बंद झालं आणि हेलसिंकी ते टोकियो हा साधारण नऊ तासांचा प्रवास तेराच्या आसपास गेला. नकाशावरची दोन्ही शहरं जागच्या जागीच होती.

जाण्या-येण्याची वेळ सारखी धरू नका. पश्चिमेकडून वाहणारे उंचावरचे वेगवान वारे पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला पुढे ढकलतात, त्यामुळे न्यूयॉर्कहून लंडनला जायला लागतो त्याहून परतताना साधारण तासभर जास्त लागतो.

तिकिटाच्या वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. एकीतून दुसरी वजा करून प्रवास किती तासांचा ते ठरवू नका. 'एकूण कालावधी' असा रकाना असतो, तो वाचा.

'डायरेक्ट' लिहिलंय म्हणून विमान मध्ये थांबणार नाही असंही नाही. उड्डाण क्रमांक तोच राहतो, थांबा मात्र असू शकतो. थांबा नकोच असेल तर 'नॉन-स्टॉप' निवडा. थांबा घ्यावाच लागला तर उतरण्याचा आणि पुढे निघण्याचा विमानतळ एकच आहे का ते पाहा. टोकियोत हानेदा आणि नारिता हे दोन वेगळे विमानतळ आहेत, रस्त्याने त्यांच्यामधलं अंतर साठ किलोमीटरहून अधिक आहे. दोन स्वतंत्र तिकिटं काढली असतील तर पहिल्या विमानाच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी सहसा घेत नाही, आणि सामानही बहुधा स्वतःच उचलून पुन्हा द्यावं लागतं. अमेरिकेतून फक्त विमान बदलायचं असलं तरी प्रवेशाची तपासणी होते, त्यामुळे व्हिसा लागतो का हे तिकीट काढण्याआधीच पाहा.