बोअरची मोटर बाहेर काढण्याआधी वरूनच मीटर लावा

मोटर उचलत नाही म्हटलं की बहुतेक ठिकाणी आधी चेनपुली बोलावली जाते. पाइप, केबल, माणसं, दिवसभराची खटपट, आणि मोटर वर आल्यावर कळतं की ती ठणठणीत आहे, जळाली होती ती स्टार्टरमधली कॉइल. थ्री फेज सबमर्सिबलचे बरेच बिघाड जमिनीच्या वरच असतात. जे खाली असतात त्यांचाही अंदाज स्टार्टरपाशी बसून घेता येतो. इथले आकडे ५ एचपीची मोटर, डीओएल (मोटरला लाइन थेट जोडणारा) स्टार्टर आणि तीन कोरांची चपटी केबल धरून दिले आहेत.

लागणारं सामान थोडंच आहे: कॅट थ्री (मीटरवर छापलेला सुरक्षेचा दर्जा), ६०० व्होल्टचा डिजिटल मल्टिमीटर, टाँग टेस्टर (वायरीभोवती पकडून करंट मोजणारा मीटर) आणि मिळाला तर ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासणारा मीटर). मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या खाचेत राहिली असेल आणि तसाच तो दोन फेजांना लावला, तर तो सरळ शॉर्ट होतो आणि मीटर हातात फुटू शकतो. दर वेळी खाच बघून मगच टोकं लावा.

लाइट गेलेली आहे म्हणून स्टार्टर उघडू नका. शेतीची लाइट कधीही येते, आणि ऑटो स्विच लावलेला असेल तर मोटर आपोआप सुरू होते. ऑटो बंद करा, मेन स्विच पाडा, किटकॅटच्या (फ्यूजच्या) तिन्ही ग्रिपा काढून खिशात ठेवा. त्यानंतरही हात लावण्याआधी मीटर एखाद्या चालू लाइनवर लावून तो आकडा दाखवतो याची खात्री करा, मग स्टार्टरवर शून्य बघा. बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो.

आधी व्होल्टेज

हे मोजमाप चालू लाइनवर करायचं असतं. पायात कोरडी चप्पल किंवा बूट हवेत, आणि टोकांचा धातूचा भाग बोटांना लागता कामा नये. सवय नसेल तर वायरमनकडून करून घ्या. मोटर बंद ठेवून स्टार्टरच्या वरच्या, म्हणजे लाइन येते त्या तीन टर्मिनलांवर तिन्ही जोड्या मोजा: आर-वाय, वाय-बी, आर-बी (आर, वाय, बी ही तीन फेजांची नावं). तिन्ही ४१५ च्या आसपास आणि एकमेकांशी जुळते हवेत.

एक जोडी ४१५ आणि उरलेल्या दोन २४० च्या आसपास आल्या, तर त्या दोन्हींत असलेला फेज गेलेला आहे. आकडा शून्य येत नाही, कारण तुटलेल्या वायरला त्या फेजवरच्या बल्बांमधून न्यूट्रल पोचत असतो. एक जोडी शून्याजवळ आणि दोन ३६० च्या आसपास असतील तर डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) एक डीओ, म्हणजे हाय टेन्शन बाजूचा फ्यूज, उडालेला असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी न्यूट्रलशी मोजलं तर एक फेज २४० आणि दोन १२० च्या आसपास दिसतात. हे काम लाइनमनचं आहे, डीपीला आपण हात लावायचा नाही.

मोटर चालू असताना फेज गेला तर खालच्या टर्मिनलांवरचं व्होल्टेज फसवतं. फिरणारी मोटर गेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज तयार करते आणि मीटर जवळजवळ पूर्ण आकडा दाखवतो. म्हणून फेज शोधताना मोटर बंद हवी.

मात्र सैल जोड याच्या उलट, मोटर चालू असतानाच सापडतो. बंद असताना ४१५ आणि चालू केल्यावर एकाच फेजच्या जोड्या ३५० वर आल्या, तर त्या फेजचा किटकॅट, मेन स्विच किंवा एखादा लग (वायरीच्या टोकाचा धातूचा तुकडा) तापत असणार. मोटर चालू ठेवून मीटरची टोकं कॉन्टॅक्टरच्या (स्टार्टरमधल्या लाइन जोडणाऱ्या स्विचच्या) एकाच पोलच्या वर आणि खाली लावा. आकडा शून्याला टेकलेला हवा. एका पोलवर व्होल्ट-दोन व्होल्ट दिसले तर तो पॉइंट जळून खरबरीत झाला आहे, बदलून टाका. तिन्ही जोड्या सारख्याच खाली येत असतील तर बिघाड स्टार्टरमध्ये नसून लाइनच अशक्त आहे. ३५० च्या खाली मोटर चालवू नये, वाइंडिंग तापतं.

स्टार्टर

पुन्हा सगळं बंद करा, ग्रिपा काढा आणि मीटर ओहमवर आणा. ओव्हरलोड रिलेचे (करंट जास्त झाला की मोटर बंद करणाऱ्या भागाचे) ९५ आणि ९६ नंबरचे पॉइंट शून्य दाखवायला हवेत. ओएल (मीटरची 'रस्ता तुटलेला' अशी खूण) आलं तर रिले ट्रिप झालेला आहे. रिसेट दाबून परत मोजा. नो-व्होल्ट कॉइलची (कॉन्टॅक्टर ओढून धरणाऱ्या कॉइलची) एक वायर सुटी करून तिची दोन टोकं मोजा. ४१५ व्होल्टच्या कॉइलचा रेझिस्टन्स शेकड्यात किंवा त्याहून जास्त असतो. ओएल म्हणजे कॉइल तुटली, शून्याजवळ म्हणजे आतून शॉर्ट. वायर सुटी न करता मोजलं तर दुसऱ्या रस्त्यानं येणारा आकडा दिसू शकतो आणि चांगली कॉइल फुकट बदलली जाते.

मोटर आणि केबल

मोटरच्या तिन्ही वायरी स्टार्टरमधून सोडवा. बीप वाजवून बघण्यावर समाधान मानू नका. ३०-४० ओहमच्या खालचं काहीही बीप देतं, त्यामुळे शॉर्ट झालेलं वाइंडिंगही छान वाजतं. मीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवा, आधी दोन टोकं एकमेकांना लावून येणारा आकडा (०.२ ते ०.५) लिहून घ्या आणि प्रत्येक मोजमापातून तो वजा करा. केबलही मोजात येते: २.५ स्क्वेअर मिमी तांब्याच्या केबलचा १०० मीटरला कोरमागे सुमारे ०.८ ओहम, म्हणजे जाऊन-येऊन १.६.

५ एचपीला दोन फेजांमधला रेझिस्टन्स काही ओहमच असतो. नेमका आकडा मोटरप्रमाणे बदलतो, महत्त्व आहे ते तिन्ही जोड्या सारख्या येण्याला. समजा आर-वाय ५.८ आला आणि वाय-बी, आर-बी दोन्ही ओएल आले, तर बी ची वायर किंवा स्टार जोडणीच्या (तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र बांधलेल्या) मोटरमध्ये बी चं वाइंडिंग तुटलं आहे. डेल्टा जोडणीत (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात जोडलेली) एक वाइंडिंग तुटलं तर ओएल येतच नाही: दोन जोड्या नेहमीच्या दीडपट आणि एक तिप्पट येते (केबल वजा केल्यावर). म्हणून नवी मोटर सोडतानाच तिन्ही आकडे स्टार्टरच्या दारावर आतून लिहून ठेवावेत. नेहमीपेक्षा कमी आलेली जोडी म्हणजे वाइंडिंगचे वेढे एकमेकांना लागले आहेत, आणि ती मोटर रिवाइंडिंगलाच जाणार.

वायरी सुट्या असतानाच मेगरचं एक टोक एकेका वायरीला आणि दुसरं बोअरच्या लोखंडी केसिंगला किंवा अर्थिंगला लावा. २ मेगाओहमच्या वर चांगलं, अर्धा ते २ पर्यंत चालेल पण लक्ष ठेवा, अर्ध्याच्या खाली असेल तर ओल कुठेतरी शिरली आहे. मल्टिमीटरच्या मेगाओहम रेंजवर विसंबू नका. त्याच्या काही व्होल्टांना चांगलं वाटणारं इन्सुलेशन ५०० व्होल्टला कोसळतं.

आकडा वाईट आला तरी चेनपुली अजून नको. बोअरच्या तोंडाशी असलेला केबलचा जोड सोडवा आणि खाली जाणाऱ्या केबलवर तीच मोजमापं परत घ्या. आता आकडे बरोबर आले तर बिघाड स्टार्टर ते बोअर या तुकड्यात आहे. उंदरानं कुरतडलेली किंवा नांगराला लागलेली केबल तिथेच सापडते. इथेही आकडे वाईटच असतील तर मात्र मोटर वर काढा, आणि मोटर उघडण्याआधी तिच्या वरचा पाण्यातला जोड कापून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा.

मोटर चालते, पण ट्रिप होते

टाँग टेस्टरनं तिन्ही फेजांचा करंट घ्या आणि मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरशी ताडून बघा. एका फेजवर करंट जास्त असेल तर दोष लाइनचा की मोटरचा हे असं ठरवा: सगळं बंद करून मोटरच्या तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवा, आर ची वाय वर, वाय ची बी वर, बी ची आर वर. फिरण्याची दिशा यानं बदलत नाही. चालू करून परत मोजा. जास्तीचा करंट लाइनच्या त्याच फेजवर राहिला तर दोष लाइनचा, कारण व्होल्टेजमधला १ टक्का फरक करंटमध्ये ६ ते १० टक्के फरक करतो. जास्तीचा करंट मोटरच्या वायरीबरोबर सरकला तर दोष केबलमध्ये किंवा मोटरमध्ये.