सेकंडहँड कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतलीत? बॅटरी बदलण्याआधी या चुका टाळा

आठवडाभर मी लोकलने जातो, त्यामुळे आमची गाडी शनिवार-रविवारची. ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायटीत तिसऱ्या पोडियमवर उभी असते. शनिवारी सकाळी घरचे सगळे डबे भरून, चपला घालून तयार, आणि बटण दाबलं की नुसतं कट-कट-कट-कट. सेल्फ ओढतच नाही. चौदा महिन्यांत दोन बॅटऱ्या बदलल्या. पहिल्या वेळी कारण होतं 'जुनी झाली होती', दुसऱ्या वेळी 'तो लॉटच खराब होता'.

तिसऱ्यांदा गाडी वागळे इस्टेटमधल्या एका वायरमन काकांकडे नेली. त्यांनी बॅटरीकडे पाहिलंच नाही. ड्रायव्हरच्या पायाशी उताणे झोपले, टॉर्च तोंडात धरला आणि पेडलच्या वरून काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा काढून माझ्या हातात दिला. जीपीएस ट्रॅकर. आधीच्या मालकाने ड्रायव्हरवर नजर ठेवायला बसवला असणार.

"साहेब, गाडी तुम्ही एकाकडून घेतलीत, पण वायरिंग तीन जणांची आहे," काका म्हणाले.

त्यानंतर मित्रांच्या, शेजाऱ्यांच्या बऱ्याच गाड्या पाहिल्या. ब्रेझा असो, नेक्सॉन असो की व्हेन्यू, चार मीटरच्या आतल्या या गाड्यांत माणसं हौसेने काय काय बसवतात! सेकंडहँड गाडीतला विजेचा त्रास मला तरी बहुतेक वेळा दोनच ठिकाणी सापडला: कुणीतरी नंतर मारलेल्या जोडात, नाहीतर खाडीच्या हवेने गंजलेल्या जोडात. पार्ट बदलून तो जात नाही.

मोजल्याशिवाय बॅटरी बदलणं

चार-पाचशे रुपयांत डिजिटल मल्टीमीटर मिळतो, आधी तो घ्या. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं बॉनेट उघडा, पाच मिनिटं थांबा आणि बॅटरीच्या दोन्ही टोकांवर व्होल्टेज बघा. १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. गाडी फिरवून आल्या आल्या मोजू नका. तेव्हा आकडा फुगलेला दिसतो. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. त्या दोन सेकंदांत आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी थकली आहे किंवा जोड सैल आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवं.

इथे एक मेख आहे. नव्या गाड्यांत डायनामोने (इंजिनवर चालून बॅटरी भरणारा अल्टरनेटर) किती चार्ज करायचं, हे कॉम्प्युटर ठरवतो. बॅटरी भरलेली असली की तो व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो. म्हणून १२.९ दिसलं की लगेच 'डायनामो गेला' म्हणू नका. हेडलाइट, एसी, मागच्या काचेचा डीफॉगर लावा आणि पुन्हा बघा. आकडा वर चढला तर डायनामो ठणठणीत आहे.

डायनामो तपासण्याची एक जुनी रीत काही जण अजून वापरतात: इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं, गाडी बंद पडली नाही तर डायनामो चांगला. जुन्या डिझेल जीपला ते खपून गेलं. आजच्या गाडीत बॅटरी अचानक सुटली की डायनामोचं व्होल्टेज क्षणभर उसळी मारतं, आणि त्या क्षणात रेग्युलेटर किंवा एखादा कंट्रोलर मरू शकतो. कुणी मिस्त्री पाना घेऊन टर्मिनलकडे सरकला तर त्याचा हात धरा. वयाने मोठा असला तरी धरा.

आणखी एक. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाडीला सहसा ईएफबी प्रकारची (सारखं बंद-चालू सोसणारी) बॅटरी लागते. विकणारा बऱ्याचदा स्वस्तातली साधी टाकून गाडी विकतो. मानपाडा ते गायमुख एका फेरीत वीस वेळा बंद-चालू होणाऱ्या गाडीत साधी बॅटरी लवकर बसते. बॅटरीवरचं लेबल वाचा, गाडीच्या पुस्तिकेशी ताडून बघा.

झोपलेली गाडी किती खाते, हे न बघणं

कुलूप लावलेली गाडीही थोडा करंट घेत असते: घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर. ५० मिलीअँपिअरपर्यंत चालतं. आमची २४० खात होती. ट्रॅकर एकटा एवढा खात नाही. पण तो ज्या वायरला चिमटा मारून जोडला होता, तिच्यामुळे एक मॉड्यूल (गाडीतला छोटा कॉम्प्युटर) झोपतच नव्हतं. २४० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला पावणेसहा अँपिअर-तास. सोमवार ते शुक्रवार पाच दिवसांत जवळपास २९. बॅटरी ४५ ची. शनिवारी सकाळी कट-कट होणार नाही तर काय?

मोजायची पद्धत अशी: मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि मीटर त्या वायर आणि बॅटरीच्या मध्ये जोडा. बॉनेटचं लॉक स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करा, म्हणजे गाडीला बॉनेट लागलं असं वाटेल. किल्ली घरात ठेवून या. खिशात असली तर गाडी झोपतच नाही. मग अर्धा-पाऊण तास थांबा. लोक इथेच चुकतात: दोन मिनिटांनी मीटर बघतात, तीन अँपिअर दिसतात आणि घाबरून वायरमनला फोन करतात. मॉड्यूल झोपायला वेळ लागतो. मीटर असा जोडलेला असताना इग्निशन लावू नका, सेल्फ तर मुळीच मारू नका. मीटरचा फ्यूज किंवा मीटरच जाईल.

आकडा मोठा राहिला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्या लाइनवर चोर आहे. ओबीडीच्या (स्कॅनर जोडायच्या) सॉकेटमध्ये कायम खोचून ठेवलेला स्वस्तातला ब्लूटूथ डोंगलसुद्धा मी असा पकडला आहे.

काढून नेलेलं सीएनजी किट

ठाणे-नवी मुंबईत हा प्रकार खास बघा. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्या इथे भरपूर. विकताना मालक टाकी-किट काढून घेतो आणि गाडी 'प्युअर पेट्रोल' म्हणून विकतो. सिक्वेन्शियल किट (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस सोडणारं) बसवताना पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी कापून मध्ये किटचा कंट्रोलर घातलेला असतो. किट निघालं की त्या कापलेल्या वायरी हाताने पिळून टेप मारून सोडून देतात. उन्हाळ्यात काही कळत नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात टेप सुटते, ओल शिरते आणि ठाणे-बेलापूर रोडवर गाडी धक्के मारत चालते. स्कॅनरवर मिसफायरचा (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्याचा) कोड येतो, मिस्त्री प्लग बदलतो, मग कॉइल बदलतो. पैसे जातात, धक्के राहतात.

घेतानाच तीन गोष्टी बघा. आरसीवर इंधनाच्या रकान्यात काय लिहिलंय? डिकीचा मॅट उचलला तर टाकीच्या ब्रॅकेटची भोकं आहेत का? इंजेक्टरकडे जाणारा वायरचा जुडगा कंपनीच्या नळीत आहे की चकचकीत काळ्या टेपमध्ये? सापडलेला जोड नीट सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी) चढवली की वर्षानुवर्षं बघावं लागत नाही. टेप मात्र इंजिनच्या उष्णतेत चिकचिकीत होऊन उलगडते.

हौसेचे दिवे आणि मोठा फ्यूज

हेडलाइटचा एच ४ प्रकारचा कंपनीचा बल्ब ६०/५५ वॅटचा. १०० वॅटचा टाकला की करंट ५ वरून सव्वाआठ अँपिअरवर जातो. वायर, कपलर (वायरी जोडणारं प्लास्टिकचं सॉकेट), स्विच मात्र पाचाच्या हिशेबाचे. कपलर आधी पिवळा पडतो, मग वितळतो. शिवाय गाडीत कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं बंधन आहे, ते निराळंच. जास्तीचे फॉग लॅम्प किंवा मोठा हॉर्न असेल तर त्याला वेगळा रिले (जास्त करंट सोसणारा स्विच) आणि बॅटरीजवळ वेगळा फ्यूज आहे का बघा. नसेल तर काढून टाका. पाम बीच रोडला रात्री दिवे कमी पडतात असं कुणी म्हणालं तर मी आधी काच पॉलिश करून घ्यायला सांगतो. पिवळी पडलेली काच बराच उजेड खाते.

फ्यूज सारखा उडतोय म्हणून निळा १५ काढून तिथे हिरवा ३० खोचणं ही मात्र घोडचूक. फ्यूजचा आकडा त्या वायरच्या जाडीवरून ठरलेला असतो. फ्यूज उडाला नाही तर वायर पेटते. काकांची युक्ती सोपी आहे: फ्यूजच्या जागी २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब दोन वायरींनी जोडतात. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो. मग वायरचा जुडगा हलवत जायचं; जिथे हलवल्यावर बल्ब मंदावतो, तिथेच वायर घासली आहे. दहा फ्यूज जाळण्यापेक्षा हे बरं.

अर्थिंग: सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत दुर्लक्षित

ऐरोली, वाशी, सीवूड्स, इकडे कळवा-कोलशेत, सगळीकडे खाडी जवळ. हवेत मीठ, त्यात चार महिने पाऊस. बॅटरीची निगेटिव्ह जिथे बॉडीला आणि इंजिनला बोल्टने लावलेली असते, तिथे गंज धरतो. मग विचित्र गोष्टी सुरू होतात. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद होतो, वायपर लावला की हेडलाइट लुकलुकतात, सेल्फ कधी लागतो कधी नाही. माणूस बॅटरी बदलतो, चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच.

तपासणी एका मिनिटाची. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि सेल्फ मारायचा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर अर्थिंगची पट्टी सोडवा, दोन्ही बाजू पॉलिश पेपरने चकचकीत घासा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी.

पाण्यात उभी राहिलेली गाडी

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हापासून आपल्याकडे 'पाण्यातली गाडी' हा शब्द सगळ्यांना कळतो. पण दरवर्षी थोड्या-थोड्या पाण्यात बुडणाऱ्या गाड्या कुणी मोजत नाही. अशा गाडीला विकण्याआधी अत्तर मारलेलं असतं. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ असते, तिथे कुणी धूत नाही. सीटखालचे कपलर उघडून आत हिरवट पूड आहे का बघा. ही पूड म्हणजे तांबं गंजलेलं. आज चालेल, आठ महिन्यांनी नाही.

पूर न येताही पाणी शिरतं. सोसायटीत झाडाखाली उभ्या गाडीच्या पुढच्या काचेखालच्या जाळीत पानं साचतात, तिथला निचरा तुंबतो. एसीची नळी तुंबली की पाणी डाव्या बाजूच्या कार्पेटखाली उतरतं. सनरूफवाल्यांना तर चार नळ्या सांभाळायच्या. कार्पेट दाबून ओल लागली तर वायरिंगच्या आधी पाण्याची वाट शोधा.

नाल्याच्या किंवा येऊरच्या जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांना उंदीर-घुशीबद्दल मी काय सांगणार! फक्त कुरतडलेली एक वायर सापडली की थांबू नका, दुसरीही असते.

डॅशबोर्डच्या मीटरवर दिवाळी

एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा), स्टीअरिंग, चेक लाइट (इंजिनच्या बिघाडाचा दिवा), सगळं एकदम पेटलं तर सगळं एकदम बिघडलेलं नसतं. व्होल्टेज पडलं की प्रत्येक मॉड्यूल तक्रार करतं. बॅटरी आणि अर्थिंग नीट करा, कोड पुसण्याआधी लिहून ठेवा आणि मग कुठला परत येतो ते बघा. एकटा एबीएसचा दिवा राहिला तर बहुधा चाकाजवळचा सेन्सर चिखलाने भरलाय किंवा त्याची वायर तुटली आहे. ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालतो तेव्हा मोटर चांगली असते, रेझिस्टर गेलेला असतो. एकाच दाराची काच अडते, दार अर्धवट उघडल्यावर चालते, तर बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर मोडली आहे. बटणस्टार्ट गाडी किल्ली ओळखत नाही, तर आधी किल्लीतला सेल बदला.

आणि घेताना इग्निशन लावून मीटरकडे नीट बघा. एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे; चेक लाइट पेटला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. यातला एखादा पेटतच नसेल तर ती आनंदाची बातमी नाही, बहुधा कुणीतरी तो बंद केलाय.

एअरबॅगच्या वायरिंगला, म्हणजे पिवळ्या कपलरना, घरी हात लावू नका. टेस्ट लॅम्प (करंट तपासायचा बल्ब) तर अजिबात नको. बॅटरी काढल्यावरही त्या यंत्रणेत थोडा वेळ चार्ज शिल्लक असतो. आमच्या गाडीचा हॉर्न आणि एअरबॅगचा दिवा एकदम गेले, तेव्हा स्टीअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग (फिरत्या स्टीअरिंगला वायरिंग जोडून ठेवणारी गुंडाळलेली पट्टी) बदलायची होती. काकांनी निगेटिव्ह काढली, पाना खिशात घातला आणि म्हणाले, "चला साहेब, आधी चहा." मला वाटलं टाळताहेत. दहा मिनिटांनी परत येऊन त्यांनी कामाला हात घातला.