गाडीच्या कर्जात गुपचूप चिकटवलेले विमे आणि वस्तू : या चुका टाळा

बँकेच्या वाहनकर्ज विभागात मी एकोणीस वर्षे काढली. निवृत्तीनंतर नात्यातले कोणी गाडी घेणार असले की मला शोरूममध्ये सोबत नेतात, पण बहुधा सह्या उरकून झाल्यावर. त्यामुळे त्याच त्या चुका मी अजूनही पाहतो आहे, आणि त्यांतली पहिली चूक म्हणजे गाडीची किंमत न विचारता "महिन्याचा हप्ता किती बसेल?" एवढेच विचारणे. हा प्रश्न ऐकला की समोरच्या विक्रेत्याचे काम निम्मे होते, कारण ७ वर्षांच्या हप्त्यात ३०-४० हजार रुपये सहज विरघळतात आणि वरून दिसतही नाहीत.

माझ्या पुतण्याचेच उदाहरण सांगतो. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला : "काका, कर्ज ९ लाखांचे मंजूर झाले आणि डीलरकडे ८ लाख ६२ हजारच पोहोचले, असे कसे?" कागद मागवून पाहिले, तेव्हा मधले ३८ हजार कर्ज सुरक्षा विम्याच्या (कर्जदार दगावल्यास उरलेले कर्ज फेडणाऱ्या विम्याच्या) एकरकमी हप्त्यात गेल्याचे दिसले. चार दिवसांपूर्वी सिंहगड रस्त्यावरच्या कोंडीत अडकलेला असताना एजंटाने त्याला "फाइल पुढे सरकवायची आहे" असे सांगून ओटीपी मागितला होता आणि याने तो वाचून दाखवला होता. विम्याच्या अर्जावरची त्याची संमती ती हीच. शोरूममध्ये विचारले, तर "सर, बँकेचा नियमच आहे" असे ठाम उत्तर मिळाले. असा कोणताही नियम नाही. पण झेंडूचे हार आणि पेढे घरी येऊन पडले होते आणि मुहूर्त टळू द्यायचा नव्हता, म्हणून त्याने तूट खिशातून भरली आणि गाडी आणली.

या ३८ हजारांची खरी किंमत आम्ही नंतर मांडून पाहिली. साडेनऊ टक्के दराने ७ वर्षांत ती रक्कम दरमहा सुमारे ६२० रुपयांनी ५२ हजारांवर जाते. "दिवसाला वीस रुपये, चहाचे पैसे" असे एजंट म्हणतो, तो हिशेब खोटा नसतो, फक्त तो चहा ७ वर्षे व्याजासकट प्यावा लागतो. शिवाय अशा बहुतेक विम्यांत संरक्षणाची रक्कम कर्जाबरोबर घटत जाते, हप्ता मात्र आरंभीच पूर्ण वसूल झालेला असतो. पुतण्याकडे चांगला मुदत विमा आधीच होता. ज्याच्याकडे नसेल त्याने तो अवश्य घ्यावा, परंतु स्वतंत्रपणे आणि स्वतःच्या पैशाने घ्यावा.

पॉलिसी त्याच्या ईमेलच्या जाहिरातींच्या कप्प्यात पडून होती. जीवन विम्याची पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, म्हणून आम्ही विमा कंपनीला लेखी कळवले आणि बँकेला प्रत दिली. मन वळवणारे दोन फोन येऊन गेल्यावर थोड्या दिवसांची जोखीम आणि मुद्रांक शुल्क कापून रक्कम परत आली, पण ती कर्जखात्यात जमा झाली. मुद्दल उतरले, हप्ता तेवढाच राहिला आणि खिशातून भरलेले पैसे काही हाती आले नाहीत. चूक दुरुस्त होते ती एवढीच.

यावर माझी सवय साधी आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देताना बँकेने मुख्य तथ्य विवरण, म्हणजे केएफएस, देणे बंधनकारक आहे आणि बँकेने वसूल केलेला विम्याचा हप्ताही त्यात दाखवावा लागतो. तो कागद मी आधी मागतो, घरी नेतो आणि व्याजदर सोडून एपीआर, म्हणजे सगळी शुल्के धरून वर्षाला पडणारा खरा दर, पाहतो. दोहोंतले अंतर मोठे दिसले की ते कशामुळे आहे हे लेखी विचारतो. ओटीपीचा संदेश पूर्ण वाचल्याशिवाय आकडे सांगायचे नाहीत, हे तर वेगळे सांगायलाच नको, तरी दर वर्षी सांगावे लागते.

दुसरी चूक म्हणजे ऑन-रोड किमतीचा एकच गोळा आकडा मान्य करणे. एक्स-शोरूम, रोड टॅक्स, विमा, फास्टॅग आणि १० लाखांवरच्या गाडीवरचा १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ वसूल केलेला प्राप्तिकर) अशा ओळी सुट्या लिहून घ्याव्यात. हा टीसीएस प्राप्तिकर विवरणपत्रात वळता होतो, हे बरेच जण विसरतात. "हँडलिंग" या ओळीमागे आरटीओची पावती नसते, म्हणून ती मी सरळ खोडतो. गाडीचा विमा डीलरकडूनच घेण्याची सक्ती करता येत नाही. ३ वर्षांच्या थर्ड पार्टी विम्याचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या भागाचा, दर सगळीकडे सारखाच असतो, फरक पडतो तो स्वतःच्या नुकसानीच्या भागात. त्यामुळे तीच आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) आणि तीच जोडकलमे (ॲड-ऑन) ठेवून बाहेरचा दर काढावा. "कॅशलेस मिळणार नाही" या धमकीला घाबरू नये, कारण ती सोय विमा कंपनी आणि गॅरेज यांच्यातल्या करारावर ठरते.

टेफ्लॉन कोटिंग आणि "एसेन्शियल किट" नको म्हणावे. वाढीव वॉरंटी बहुतेक कंपन्यांत मूळ वॉरंटी संपेपर्यंत घेता येते, तेव्हा पहिल्याच दिवशी घाई नको. व्याजदर सांगितला, तर तो फ्लॅट, म्हणजे पूर्ण मुदतभर मूळ रकमेवर लावलेला, आहे का ते विचारावे : ५ वर्षांच्या कर्जाचा साडेपाच टक्के फ्लॅट दर म्हणजे घटत्या शिलकीवर जवळजवळ १० टक्के असतो. १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आधीपासून असेल, तर गाडीबरोबर दुसरा घ्यावा लागत नाही.

ज्यांचे आधीच फसले असेल, त्यांनी शोरूममध्ये वाद घालत बसू नये. बँकेकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी आणि ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. विम्याबद्दलची तक्रार आधी विमा कंपनीकडे आणि मग विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर करावी. दोन्हीकडे केएफएस, पॉलिसीची प्रत आणि ओटीपीचा तो संदेश उपयोगी पडतो, म्हणून फोन बदलण्याआधी त्याचे छायाचित्र काढून ठेवावे.