डीएफ म्हणतं भरलं, डीयू म्हणतं रिकामं

गेल्या मार्चमध्ये, बेदाण्याची आवक जोरात असताना, रात्री साडेदहाला कोल्ड स्टोरेजमधून फोन आला. "मॅडम, गेटपास निघत नाहीये. बाहेर तीन गाड्या उभ्यात." तिथला लिनक्स सर्व्हर मी सांभाळते; घरूनच त्यावर लॉगिन केलं. डिस्कवर किती जागा उरली ते सांगणारी 'डीएफ -एच' कमांड मारल्यावर व्हार पार्टिशन (डिस्कचा वाढत्या फाइली ठेवायचा भाग) १०० टक्के भरलेलं. साइझ ९८ जीबी, वापर ९३, शिल्लक शून्य. मग फोल्डरांतल्या फाइलींची बेरीज करणारं 'सुडो डीयू -एक्सएसएच /व्हार' मारलं, तर बेरीज फक्त ३१ जीबी. ६२ जीबी गेले कुठे?

(कमांड उच्चाराप्रमाणे लिहितेय. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं घ्या. मोठं अक्षर हवं तिथे तसं सांगेन. डीयूच्या आधीचा सुडो (म्हणजे रूट या मुख्य युजरच्या अधिकारात कमांड चालवणं) गाळू नका, नाहीतर ज्या फोल्डरांत शिरायची परवानगी नाही ती मोजलीच जात नाहीत. आणि एक्स हवाच, म्हणजे मोजणी शेजारच्या पार्टिशनवर जात नाही.)

अशा वेळी हाताला येईल ते डिलीट करण्याची घाई होते. ती करू नका. दोन्ही आकडे खरे असतात, मोजण्याची पद्धत वेगळी असते. डीयू म्हणजे रजिस्टर उघडून एकेक नोंद वाचत बेरीज करणारा कारकून. डीएफ गोदामवाल्याला विचारतं, जागा किती अडलीय? नोंद खोडली पण माल उचलला नाही, तर दोघांचा मेळ बसणार कसा?

आमच्याकडे नेमकं तेच झालं होतं. जागा कमी पडतेय म्हणून संध्याकाळी ऑपरेटरनं बिलिंगचा फुगलेला लॉग (प्रोग्रॅमच्या नोंदींची फाइल) 'आरएम' या डिलीटच्या कमांडनं काढला होता. लिनक्समध्ये आरएमनं फाइलचं नाव जातं. एखाद्या प्रोसेसनं (चालू प्रोग्रॅमनं) ती उघडी धरली असेल, तर तिची जागा प्रोसेस सोडेपर्यंत मोकळी होत नाही. डीयूला नाव सापडत नाही म्हणून तो ती मोजत नाही, डीएफ मोजतं.

अशी फाइल शोधायला: 'सुडो एलएसओएफ', जागा सोडून प्लसचं चिन्ह, त्याला लागून मोठा एल आणि १. ज्या उघड्या फाइलींना नावच उरलेलं नाही, तेवढ्याच दिसतात. मला एक मोठी ओळ दिसली: जावा, पीआयडी (प्रोसेसचा नंबर) २४१७, एफडीच्या (उघड्या फाइलीच्या नंबराच्या) रकान्यात ७डब्ल्यू (७ नंबर, लिहिण्यासाठी उघडी), आकार ६६ अब्ज बाइटच्या वर, शेवटी कंसात 'डिलीटेड'. १०२४ च्या पटीत मोजले की हेच ६२ जीबी. सापडले.

सरळ उपाय म्हणजे ती सर्व्हिस रीस्टार्ट करणं. पण गाड्यांच्या नोंदी अर्धवट होत्या, म्हणून मी थांबले. नाव गेलं तरी फाइल '/प्रॉक/२४१७/एफडी/७' या वाटेनं हाताशी असते. तिथून 'टेल'नं शेवटच्या हजार ओळी दुसऱ्या पार्टिशनवर काढून ठेवल्या, कारण लॉग एवढा का फुगला ते सकाळी बघायचं होतं. मग 'सुडो ट्रंकेट -एस ०' आणि पुढे तीच वाट, म्हणजे फाइल शून्यावर आणली. डीएफ पुन्हा मारलं तर वापर ३१. गेटपास सुटले. हा उपाय फक्त लॉगसाठी आहे. त्या ओळीत डेटाबेसची फाइल दिसली तर हात लावू नका. प्रोसेस चालू आहे तोवर याच वाटेनं 'सीपी' (कॉपी) करून ती वाचवता येते, आणि रीस्टार्ट केलात तर तीही संधी जाते.

साइझ ९८, वापर ९३, मग उरलेले ५ का दिसले नाहीत? ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) साधारण ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवतं. नुसत्या डेटाच्या डिस्कवर 'ट्यून२एफएस -एम १' करून ती कमी करता येते. सिस्टिमच्या पार्टिशनवर ती राहू द्यावी असं माझं मत आहे, अडचणीच्या वेळी तीच उपयोगी पडते.

जागा शिल्लक दिसतेय तरी 'डिव्हाइसवर जागा नाही' अशी एरर येत असेल, तर 'डीएफ -आय' बघा. लाखो बारीक फाइलींनी, बहुतेकदा पीएचपीच्या सेशन फाइलींनी, आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या ठरावीक जागा) संपवलेले असतात.

एलएसओएफमध्ये काहीच सापडलं नाही तर माझा संशय माउंटवर (डिस्क एखाद्या फोल्डराला जोडणं) जातो. बॅकअपची डिस्क एखाद्या रात्री माउंट झाली नाही, तर बॅकअप मूळ डिस्कवरच्या त्याच नावाच्या फोल्डरात पडतो. दुसऱ्या दिवशी डिस्क माउंट झाली की तो तिच्याखाली झाकला जातो: डीएफ मोजतं, डीयूला दिसत नाही. बघायचं असेल तर 'सुडो माउंट --बाइंड / /एमएनटी' करा आणि एमएनटीच्या आत डीयू चालवा. झाकलेलं सगळं तिथे उघडं दिसतं. नको ते काढून झालं की 'यूमाउंट' विसरू नका. हे पुन्हा होऊ नये म्हणून डिस्क काढलेली असतानाच त्या रिकाम्या फोल्डरावर 'चॅटर +आय' (स्पेलिंग सीएचएटीटीआर; त्या फोल्डरात बदल करायला बंदी) लावून ठेवा. मग डिस्क नसेल त्या रात्री बॅकअप तिथे लिहिलाच जात नाही, एरर देऊन थांबतो, आणि सकाळी मेलमध्ये ती एरर दिसते.